मढ्याचा संप

लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा हमखास विचारतो, “आपण काय करता?” मी म्हणतो, “मरतो.” पाहुण्याचा घास हातातच राहतो. समोरच्या पंगतीतून बायको डोळे वटारते आणि मग मला नीट सांगावं लागतं.

मी सुरक्षा नाट्याचा नट आहे. कारखान्यांत दरवर्षी सुरक्षा सप्ताह असतो. त्यात भाषणं होतात, बॅज लावले जातात, आणि कामगार जांभया द्यायला लागले की आम्हाला बोलावतात. शेडमध्ये मशिनं बंद करून थोडी जागा मोकळी केली की तोच आमचा रंगमंच. छोटासा खेळ असतो. एक कामगार घाईत काहीतरी चूक करतो आणि मरतो, त्याची बायको येऊन रडते, शेवटी सगळे मिळून शपथ घेतात. तो मरणारा कामगार म्हणजे मी. भोसरीपासून चाकणच्या पुढपर्यंत मी सगळीकडे मेलो आहे. प्रेसमध्ये सापडलो, पत्र्यावरून पडलो, फोर्कलिफ्टखाली आलो, टाकीत उतरून गुदमरलो. एका बेकरीच्या कारखान्यात कणीक मळायच्या मशिननेही मला सोडलं नाही. इतक्या तऱ्हांनी मेलो, पण प्रत्येक वेळी चूक माझीच होती. कधी हेल्मेट नसायचं, कधी मोबाईल कानाला असायचा. खेळाचे पैसे देणारी कंपनी स्वतःच्या मशिनची चूक कशाला दाखवेल? हे मला फार वर्षं खटकलं नाही, तेही आधीच सांगून टाकतो.

मरण्याचंही तंत्र असतं. श्वास छातीने घ्यायचा नाही, पोटाने घ्यायचा, आणि पोट प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बेताने पडायचं. डोळे घट्ट मिटले की पापण्या थरथरतात, म्हणून ते सैल मिटायचे. सप्ताह येतो मार्चात, तेव्हा शेडची फरशी तापलेली असते आणि तिच्यावर तेलाचे डाग असतात. माशा तर मेलेल्या माणसावर बसणारच, त्यांना नाटक कळत नाही. आणि सगळ्यात शेवटी, विधवेचं रडून झालं, शेड गप्प झाली, की मढ्याने सावकाश उठून बसायचं आणि म्हणायचं, “मी उठलो, कारण हे नाटक होतं. खऱ्यात कुणी उठत नाही.” या वाक्यावर आमचा सगळा खेळ उभा आहे. ते म्हटलं की मोठमोठे आडदांड कामगारही खाली बघतात. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की सकाळी गजर झाला की अंथरुणात उठून बसताना ते ओठांवर येतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, “धंद्यातल्या गमती लिहा.” गमती आहेत. एका साहेबांनी सांगितलं होतं, आज आमच्याकडे पूजा आहे, तर रक्त न सांडता मरा. एका ठिकाणी मी पडलो आणि कँटीनचं कुत्रं येऊन माझ्या पायाशी झोपलं, शपथ होईपर्यंत उठलं नाही. पण एक गोष्ट आहे, जी लिहिल्याशिवाय मला बाकीचं काही लिहिता येत नाही. ती गमतीची नाही, लाजेची आहे.

ती सुरू होते पोपटरावांपासून. चाकणजवळच्या एका कारखान्यात आम्ही दरसाल जायचो. तिथं पहिल्या वर्षी मी मेलेला असताना तोंडावर माशा बसत होत्या. प्रेक्षकांतून एक माणूस उठला, जवळ आला, आणि आपल्या खिशातला रुमाल माझ्या तोंडावर टाकून जागेवर जाऊन बसला. अख्खी शेड हसली, तो हसला नाही. तेच पोपटराव. खेड तालुक्यातल्या एका वाडीचे, घरी थोडी शेती, आणि इथं प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशिनांवर, ठेकेदाराकडून कामाला. पुढच्या वर्षीपासून मी गेटमधून आत आलो की ते ओरडायचे, “काय मयतराव, यंदा कशानं?” मी म्हणायचो, “यंदा शॉक लागून.” ते म्हणायचे, “बरं हाय, झटपट हाय.”

मग एका वर्षी त्या कारखान्यात खरंच एक माणूस मेला. बाळू नावाचा, पोपटरावांच्याच मशिनवरचा जोडीदार. प्रेसला पुढे एक जाळी असते. तिला गार्ड म्हणतात. ती लावलेली असली की हात आत जाऊच शकत नाही. बाळूच्या वेळी ती जाळी नव्हती. थोड्या दिवसांनी कंपनीने आम्हाला बोलावलं. संहिता ऑफिसातून आली होती: कामगार घाईत स्वतःच गार्ड काढतो आणि मरतो. मी वाचली, पाठ केली आणि तसा खेळ केला. एरवी ज्या जागांवर हशा यायचा तिथं त्या दिवशी कुणी हसलं नाही. खेळानंतर कँटीनमध्ये पोपटराव माझ्यासाठी चहा घेऊन आले. हळूच म्हणाले, “तुमी मेला त्ये बरूबर हाय. पर बाळू आसा न्हाई मेला.” आणि निघून गेले.

मी त्यांच्या मागे जायला हवं होतं. मग तो कसा मेला, एवढं तरी विचारायला हवं होतं. मी चहा प्यायलो.

आता आमच्या संस्थेविषयी. आम्हा नटांना कारखान्यांत पाठवणारी एक छोटी संस्था होती, तिचे मालक सर. सर म्हणजे देवमाणूस. करार वगैरे काही नाही, सगळं शब्दावर. शोभाताई, म्हणजे माझी नाटकातली विधवा, एकदा माझ्या मढ्यावर झोकून देताना तेलावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. सरांनी स्वतः दवाखान्यात नेलं, प्लॅस्टर घालून आणलं, म्हणाले, “मी आहे ना.” आम्हा सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि ते खरोखर असायचेही. पण सर थकले. त्यांनी संस्था एका ट्रेनिंग कंपनीला विकली. त्या विक्रीत आमची पडद्यांची ट्रंक गेली, स्पीकर गेले, कारखान्यांशी असलेले संबंध गेले. “मी आहे ना” हे वाक्य कुठल्या कपाटात नव्हतं, त्यामुळे ते गेलं नाही, तिथंच संपलं. मालक बदलला की पहिल्यांदा शब्द मरतात, हे मला तेव्हा कळलं.

नव्या कंपनीचं ऑफिस माण गावात. ज्या शेतांत पूर्वी आमच्या सोयरिकीतली माणसं भात लावायची तिथं आता काचेच्या इमारती आहेत. आम्हाला गार खोलीत बसवलं. एक मॅडम होत्या, वयाने लहान, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, “चेंज इज गुड. घाबरू नका.” मला हसू आलं. कारण कारखाने एकमेकांत विलीन व्हायचे तेव्हा कामगारांना धीर द्यायला आम्हीच ‘बदलाला भिऊ नका’ असा खेळ केला होता. त्यात मी ‘जुना विचार’ झालो होतो, आणि अर्थात शेवटी मेलो होतो. आता आमच्यापुढे कागद ठेवले होते. अर्थ सरळ होता. आमचे खेळ एकदा शूट करणार. आमचा चेहरा, आवाज आणि रडणं कंपनीचं, कायमचं. मग कारखान्यांत आम्ही नाही, पडदा जाणार. एकेकाने आत यायचं, सही करायची. जो सही करणार नाही त्याला पुढचे खेळ नाहीत. आणि जो करेल त्यालाही फार दिवस नाहीत, हे शोभाताईच्या तिथंच लक्षात आलं.

“एकदा रडून घ्यायलेत आन् मग जन्मभर त्योच रडका चेहरा फिरवायलेत,” ती बाहेर आल्यावर म्हणाली. “मला बोलवायची गरजच न्हाई उरली.”

शोभाताई परभणीकडची. नवरा नाही, मुलगी शिकतेय. दिवसा एका वर्कशॉपमध्ये पॅकिंग आणि सुट्टी टाकून खेळ. भोसरीत ती भाड्याने राहते ती खोली आमच्या आण्णांच्या चाळीतली. आण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. आमची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्यावर आण्णांनी खोल्या बांधल्या. माझं घर त्या भाड्यावर चालतं. मी नाटकात मेलो किंवा जगलो, चूल पेटतेच. आमच्या पथकात हे फक्त माझ्याबाबतीत खरं होतं.

शहरात कलाकारांची एक छोटी युनियन आहे. पथनाट्यवाले, ऑर्केस्ट्रावाले आणि समारंभात सोंगं काढणारे असे त्यात आहेत. शोभाताईने पथकातल्या सगळ्यांना सभासद केलं, माझ्याकडे शेवटी आली. मी म्हणालो, “ताई, आपण कलाकार. आपल्याला मानधन असतं, पगार नसतो. युनियन कामगारांची.”

“मढ्याला कसला कलाकार, दिगूभाऊ? पडून ऱ्हायाचं काम. हमाली हाय ही.”

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. युनियनच्या बैठका आमच्याच चाळीच्या गच्चीवर व्हायच्या, भाडेकरूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढत. गावकीतल्या घरातला माणूस भाडेकरूंच्या शेजारी सतरंजीवर बसून हक्क मागतो, ही कल्पना मला झेपत नव्हती. पडलो तरी नाक वर, अशी आमची जात. शेवटी सभासद झालो तो इतरांनी बोल लावू नये म्हणून. कार्ड मिळालं ते पाकिटात सगळ्यात मागे, विम्याच्या पावतीआड ठेवलं. आण्णांना कळलंच. ते जेवताना म्हणाले, “दिगू, आपल्याच खोलीत ऱ्हात्यात आन् आपल्यालाच म्होरं घालत्यात व्हय?” मी वरण ओरपत राहिलो.

युनियनचं म्हणणं फार मोठं नव्हतं. एकेकाला बोलावू नका, सगळ्यांशी एकत्र बोला. कागदावर ‘कायमचं’ असेल ते काढा, आणि जिवंत खेळ बंद करू नका. एकट्याला गार खोलीत बसवलं की माणूस सही करतोच, त्यात त्याचा दोष नाही. सगळे एकत्र असले की तोच माणूस कागद वाचायला मागतो. युनियन म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी एवढंच सांगेन. पण मॅडम एकत्र भेटायला तयार नव्हत्या. फोन उचलत नव्हत्या.

त्यातच ठरलं, की सुरक्षा सप्ताहाचा शेवटचा खेळ पोपटरावांच्या कारखान्यात होणार. नवी कंपनी तिथं दुसऱ्या कारखान्यांच्या साहेबांना बोलावणार, कॅमेरे लावणार, आमचा खेळ दाखवून धंदा मिळवणार. गच्चीवर चर्चा चालली होती. कुणी म्हणालं, खेळच करू नका. कुणी म्हणालं, काळ्या फिती लावा. आणि मी, ज्याने तोवर एका बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, तो बोलून गेलो, “मी उठणारच नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहून सांगितलं, खेळ पूर्ण करायचा, शोभाताईने रडायचं, आणि शेवटी मढ्याने उठायचं नाही. शेड गप्प झाली, साहेब लोक घड्याळ बघायला लागले, की शोभाताईने पुढे होऊन सांगायचं, की हा माणूस आज उठणार नाही, कारण याचं मढं कायमचं विकत मागताहेत. आमच्याशी बोला, मग उठेल.

टाळ्या पडल्या. एकजण म्हणाला, “मेलेलं कोंबडं आगीला भीत न्हाई, भावा!” शोभाताईने तेवढ्या वाजवल्या नाहीत. म्हणाली, “बघणारायला कसं वाटंल?” मी म्हणालो, “ताई, तेच तर नाटक आहे.” आयुष्यात पहिल्यांदा प्रमुख भूमिका मिळाल्यासारखं झालं होतं मला. दुसऱ्या दिवशी कार्ड मी विम्याच्या पावतीआडून काढून पुढच्या कप्प्यात ठेवलं. मी किती पोकळ माणूस आहे हे यावरून ओळखा.

खेळाच्या दिवशी गेटमधून शिरलो तर पोपटराव उभे. “काय मयतराव, यंदा कशानं?” मी म्हणालो, “यंदा बघाच.” मला वाटलं, केवढा टोला मारला.

त्यांच्याच प्रेस शॉपमध्ये खेळ होता. पुढे खुर्च्यांवर साहेब, मागे कामगार, बाजूला कारखान्याचं प्रथमोपचार पथक हिरव्या जॅकेटांत. मी मेलो. चांगला मेलो. शोभाताई धावत आली, माझ्या छातीवर कपाळ टेकून रडली. तिचं रडणं थांबलं. शेड गप्प झाली. माझ्या वाक्याची वेळ आली, आणि मी पडून राहिलो.

मला आधी मजा वाटली. खुर्च्या करकरलेल्या ऐकू आल्या. कुणीतरी खोकलं. आता शोभाताई उठेल आणि बोलेल, म्हणून मी वाट बघत होतो. ती उठली, मला तिच्या बांगड्या ऐकू आल्या. ती म्हणाली, “मंडळी, आज हे उठणार न्हाईत,” आणि तिला पुढचं बोलताच आलं नाही.

कारण मागून एक आवाज आला, “अरं, त्यो उठंना!”

पोपटरावांचा आवाज. पुढचं सगळं मी मिटल्या डोळ्यांनी ऐकलं. माणसं धावली. शोभाताईचं शेवटचं वाक्य त्यांनी एवढंच ऐकलं होतं, की हे उठणार नाहीत. ती “थांबा, थांबा” म्हणत होती, पण विधवा ओरडतेय असंच सगळ्यांना वाटलं. हिरवी जॅकेटं येऊन पोचली. त्यांनी माझ्या गळ्याचं बटण काढलं, मान मागे केली, कुणाला तरी अँब्युलन्सला पळवलं. सगळं बिनचूक. मीच त्यांना त्याच शेडमध्ये, मागच्या वर्षीच्या खेळात, हे शिकवलं होतं. एक गडी माझ्या छातीवर तळवे ठेवून दाबायला लागला. बरगडी कुरकुरली. आणि माझ्या डोक्याशी कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. त्याचे हात माझ्या गालांवर होते. खरखरीत हात.

“उठा की वो,” पोपटराव म्हणत होते. “तुमी तर दरसाल उठता की. उठा की वो मयतराव.”

त्या माणसाने याच शेडमध्ये, तिथून चार हातांवर, बाळूचं डोकं असंच धरलं असेल. हे मला त्या क्षणी कळलं. आधी कळायला हवं होतं. शोभाताईने विचारलं होतं, बघणाऱ्याला कसं वाटेल, आणि मी तिला नाटक शिकवलं होतं.

मी उठलो. डोळे उघडले तर पोपटरावांचं तोंड माझ्या तोंडापाशी होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी त्यांना काय म्हणायला हवं होतं? काहीही चाललं असतं. “माफ करा” चाललं असतं. पण इतक्या वर्षांची सवय. उठून बसलो की तोंडातून जे येतं तेच आलं. मोठ्याने, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

“मी उठलो, कारण हे नाटक होतं. खऱ्यात कुणी उठत नाही.”

पोपटरावांनी माझ्या गालांवरचे हात काढून घेतले. आणि खुर्च्यांवर टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हा नवा शेवट आहे, प्रथमोपचार पथकासकट बसवलेला. मॅडम धावत आल्या, म्हणाल्या, “काका, फँटास्टिक! हाच शेवट शूट करायचा आपण.” शोभाताई बाजूला उभी होती. तिने पाठ केलेलं भाषण तिच्या तोंडातच राहिलं होतं. माझ्या संपाचं त्यांनी नाटक करून टाकलं, आणि तेही चांगलं झालं म्हणून टाळ्या दिल्या. इतकी लाज मला कुठल्याही पडलेल्या खेळात वाटली नव्हती.

खरी गोष्ट दोन दिवसांत बाहेर आली. कारखान्याने विचारलं, अँब्युलन्स बोलावण्यापर्यंत वेळ आणणारा हा खेळ कुणी मंजूर केला? मग नव्या कंपनीचा निरोप आला. दिगंबर यांना यापुढे कुठल्याही कारखान्यात पाठवलं जाणार नाही. बाकीच्यांनी एकेकाने येऊन सही करावी, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

त्या संध्याकाळी गच्चीवर गेलो तेव्हा सगळे आधीच बसले होते. मी कार्ड काढून सतरंजीवर ठेवलं. म्हणालो, “चूक माझी. कल्पना माझी, ठरलेलं मोडलं तेही मीच. मला सोडा. माझ्या मागे खोल्या आहेत, मी उपाशी मरणार नाही. तुम्ही तुमचं बघा.” मला वाटलं, हे मी मोठ्या मनाने बोललो.

शोभाताई इतकी चिडलेली मी नाटकातही पाहिली नव्हती. “तुमचं पोट भरलंय मनून सोडावं व्हय तुमाला? आज तुमाला सोडलं तर उद्या मला कोन धरील?” तिने कार्ड उचलून माझ्या खिशात कोंबलं. मग आवाज खाली आणून बाकीच्यांना म्हणाली, “मढं आपलं हाय. आपुनच उचलायचं.”

कुणी हसलं नाही. कुणी मला चांगलंही म्हटलं नाही. एकाने तर स्पष्ट सांगितलं, “भाऊ, तुमी लय माती खाल्ली.” पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे माणच्या बसमध्ये होते. काचेच्या इमारतीत रिसेप्शनची मुलगी म्हणाली, एकेकाने आत या. शोभाताई म्हणाली, “आमी एकेक न्हाईत.” आणि सगळे तिथंच सोफ्यांवर, आणि सोफे संपल्यावर फरशीवर बसले. मीही बसलो, मान खाली घालून. ज्यांच्या सोबत बसायची मला लाज वाटायची ते माझ्यासाठी कामाचा खाडा करून बसले होते. शोभाताईने वर्कशॉपमधून अर्धी रजा काढली होती आणि ती वाढत चालली होती. सप्ताह संपला तरी वर्षभराच्या खेळांच्या तारखा कंपनीने कारखान्यांना देऊन ठेवल्या होत्या, आणि खेळ करणारे सगळे रिसेप्शनमध्ये बसलेले. दुपारनंतर मॅडमनी सगळ्यांना एकत्र आत बोलावलं.

सगळं मिळालं असं नाही. खेळानंतर घरी सोडणारी गाडी बंद झाली, आता ज्याने त्याने शेअर रिक्षाने यावं. पण जिवंत खेळ राहिले. चित्रीकरण फक्त नव्या नटांना शिकवण्यासाठी, आणि तेही दर वर्षी पुन्हा विचारून. पहिली अट मात्र शोभाताईने वेगळीच घातली होती, ती म्हणजे माझं नाव यादीत परत घेण्याची. ती मान्य झाल्यावरच तिने पुढचं पान उलटलं.

त्यानंतर मी पोपटरावांकडे गेलो. कारखान्यात नाही, त्यांच्या वाडीला, रविवारी. ते गोठ्यात होते. मला बघून त्यांनी “मयतराव” म्हटलं नाही, “या” म्हणाले. मी माफी मागितली. जे बोललो ते सवयीने बोललो, हेही सांगितलं, जरी त्याने काही बदलत नव्हतं. ते वैरण टाकत राहिले. मग त्यांनी विचारलं, “तुमाला काढलं व्हतं म्हनं?” मी सगळी हकिकत सांगितली. गच्ची, बस, फरशीवर बसलेली माणसं, शोभाताईचं “मढं आपलं हाय.”

ऐकून त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

“ती जाळी सायबानं काढाया लावली व्हती,” ते म्हणाले. “माल लवकर निघावा म्हून. आमी समद्यांनी बघितलं. बाळू गेल्यावर आमाला एकेकाला आत बोलावलं. बाळूनं आपल्या हातानं काढली, आसं लिवलं व्हतं. आमी ठेक्यावरची मान्सं, आमाला कसली युनियन. एकेक आत गेला आन् सही करून आला. मीबी केली.”



“तुमचं खोटं मढं व्हतं,” पोपटराव म्हणाले, “तरी कुनी टाकलं न्हाई. आमचं खरं व्हतं.”

बोलायला तोंड उघडलं तर तेच जुनं वाक्य जिभेवर आलं. ते मी गिळलं आणि त्यांच्याबरोबर वैरण टाकायला लागलो.